एर्लिंडाबाई आणि अठरावा गुलाब

सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर मी सात वर्षं पाइपांची ड्रॉइंगं काढली, आणि त्या सात वर्षांत मला देवाची वाटली नसेल तेवढी भीती एर्लिंडाबाईंची वाटली. देव निदान चूक झाल्याबरोबर तोंडावर सांगत नाही. एर्लिंडाबाई तिथल्या तिथे सांगायच्या, तेही अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात, आणि वाक्याची सुरुवात 'सर' अशी करून. फिलिपिनो माणसं सगळ्यांनाच सर आणि मॅडम म्हणतात, त्यात गोडवा असतो. एर्लिंडाबाईंचा 'सर' मात्र छडी उचलण्याआधी मास्तर चष्मा काढून ठेवायचे त्या जातीचा होता.

त्या आमच्या कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होत्या. रिफायनरीचं काम म्हणजे निम्मं लोखंड आणि निम्मा कागद. हजारो ड्रॉइंगं, प्रत्येकाला नंबर, प्रत्येक बदलाला नवी रिव्हिजन. कुठलं ताजं, कुठलं शिळं, कुणी कधी सही केली, हे सगळं सांभाळणारी व्यक्ती म्हणजे डॉक्युमेंट कंट्रोलर. पगाराने आमच्या खाली, हुद्द्याने आमच्या खाली आणि प्रत्यक्षात आमच्या छातीवर बसलेली. बाईंची उंची पाच फुटांच्या आत. ओठांना कायम लाल लिपस्टिक, एसीमुळे खांद्यावर बाराही महिने तपकिरी स्वेटर. गळ्यात तीन गोष्टी एकत्र लोंबायच्या: क्रूस, चष्मा आणि आयलंडवर शिरायचा पास. चिडल्या की तिन्ही एकमेकांवर आपटून बारीक आवाज व्हायचा. तो आवाज ऐकू आला की आमचा जाधव, हा नाशिकचा इन्स्ट्रुमेंटवाला, उगाचच फोन कानाला लावून जिन्याकडे जायचा.

माझी त्यांची पहिली गाठ पडली ती एका ढगावरून. ड्रॉइंगमध्ये जे बदललं असेल त्याभोवती ढगासारखी नागमोडी रेघ काढायची पद्धत असते, म्हणजे बघणाऱ्याला बदल लगेच दिसतो. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी एक ड्रॉइंग दिलं आणि ढग विसरलो.

"सर, व्हेअर इज द क्लाउड?"

म्हटलं, अहो, बदल अगदी छोटा आहे, दोन मिलिमीटरचा.

"स्मॉल चेंज, सर, स्मॉल क्लाउड," असं म्हणून बाईंनी कागद माझ्या दिशेने दोन बोटांनी सरकवला. पुण्यात बारा वर्षं नोकरी करून, हाताखाली सहा माणसं वागवून आलेला मी, खाली मान घालून ढग काढायला बसलो.

कागद घ्यायची त्यांची वेळ चारपर्यंत. एकदा मी चार वाजून एक मिनिटाने पोचलो. टेबल रिकामं, संगणक बंद, बाई हातावर हात ठेवून बसलेल्या. "टुमारो, सर." मी म्हटलं, पण तुम्ही तर नुसत्याच बसला आहात. "येस, सर. चारनंतर मी नुसतीच बसते." आणि सव्वापाचला कंपनीची बस सुटेपर्यंत त्या खरोखरच तशा बसून राहिल्या. या बाईला माणूसपण म्हणून काही आहे का, असं मी त्या रात्री जेवताना मंजिरीला, म्हणजे बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तुला चार म्हणजे साडेचार असं वाटतं, ते मला गेली पंधरा वर्षं माहीत आहे. त्या बाईला आजच कळलं."

पॅन्ट्रीतल्या मायक्रोवेव्हचं प्रकरण तर आमच्या मराठी मंडळींच्या चांगलंच अंगाशी आलं. बाई डब्यात भात आणि सुका मासा आणायच्या आणि तो गरम केला की मजलाभर त्याची वर्दी जायची. आमच्यातल्या शाकाहारी मंडळींनी तक्रार अर्ज केला. आम्ही मराठी माणसं परदेशात तक्रार अर्ज फार सुबक लिहितो. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हवर बाईंच्या सहीचं, नंबर दिलेलं, रिव्हिजन शून्य असं एक वेळापत्रक चिकटलं: बारा ते सव्वाबारा, मासा. सव्वाबारा ते साडेबारा, हिंग आणि लसूण. साडेबारा ते पाऊण, इतर. हिंगाला माशाच्या शेजारी बसवलेलं पाहून अर्जदारांचे चेहरे पाहण्यासारखे झाले. आपल्या आमटीला जगात कुणी वास म्हणू शकेल, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. ते वेळापत्रक मी कंपनी सोडेपर्यंत तिथेच होतं.

तर अशा या एर्लिंडाबाई एका सोमवारी, दोन हजार चौदाच्या सुमारास, स्वतःहून माझ्या टेबलाशी आल्या. सहसा आम्हीच त्यांच्याकडे जायचो, त्यामुळे मी आधी हातातल्या ड्रॉइंगवरचे ढग मोजून घेतले. त्यांनी एक कागद ठेवला. वर नंबर, रिव्हिजन ए, आणि शीर्षक: बियांका, अठरा गुलाब. खाली एक ते अठरा आकडे. नवव्या आकड्यासमोर माझं नाव.

"सर, यू आर सिलेक्टेड. साइन हिअर."

बियांका ही त्यांची एकुलती एक मुलगी. बारा वर्षांची असताना बाईंनी तिला इकडे आणलं, आता ती पॉलिटेक्निकमध्ये शिकत होती. फिलिपिनो लोकांत मुलीचा अठरावा वाढदिवस म्हणजे लहानसं लग्नच. त्याला ते 'देब्यू' म्हणतात. मुलगी मोठा झगा घालते, आणि तिच्या आयुष्यातले अठरा पुरुष, म्हणजे मामा, काका, भाऊ, मित्र, एकेक करून येतात, गुलाब देतात आणि तिच्याबरोबर थोडंसं नाचतात. मग अठरा बायका मेणबत्त्या लावून तिला एकेक उपदेश करतात. आजपासून ही बाई झाली, असं सगळ्यांसमोर जाहीर होतं.

मी म्हटलं, बाई, मी तुमच्या मुलीला आयुष्यात एकदाही पाहिलेलं नाही.

"आय नो, सर. सिंगापूरमध्ये माझे दोन चुलतभाऊ, चर्चमधली चार माणसं, तिच्या वर्गातली तीन मुलं. नाइन. मला सतरा पाहिजेत. तुम्ही उंच आहात आणि वेळेवर येत नाही, पण शिकाल."

आठ जागा त्यांनी अशा ऑफिसातून भरल्या. त्यात पाच मराठी. त्या मुलीच्या 'आयुष्यातले पुरुष' म्हणून कॅन्टीनमध्ये आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. जाधव म्हणाला, "मी माझ्या लग्नात नाचलो नाही राव. वरातीत घोड्याला धरून उभा होतो." कुलकर्ण्याने विचारलं की हे आपल्या संस्कृतीत बसतं का. हा कुलकर्णी दर शनिवारी एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, बिअरबरोबर चिकन विंग्ज खातो. ते त्याच्या संस्कृतीत कसं बसतं, हे मी त्याला विचारलं नाही, कारण मी त्याच्यासमोरच बसलेला असतो.

यादीत अठराव्या आकड्यासमोर मात्र नाव नव्हतं. तिथे लाल शिक्का होता: होल्ड. ज्या गोष्टीची माहिती अजून यायची आहे तिथे आम्ही ड्रॉइंगवर होल्ड लिहितो. मी विचारलं तर बाई म्हणाल्या, "फादर, सर. शेवटचा गुलाब वडलांचा."

बियांकाचे वडील रोमेल सहा वर्षांपासून दोहाला होते. तिथे त्यांचा दुसरा संसार आहे, हे ऑफिसातल्या प्रत्येक फिलिपिनो माणसाला ठाऊक होतं आणि बाईंना सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं. त्यांनी निमंत्रण पाठवलं होतं. 'आय विल ट्राय' असं उत्तर आलं होतं. एवढ्या भांडवलावर बाई सगळा सोहळा उभा करत होत्या.

घरी येऊन मी मंजिरीला सांगितलं. मला वाटलं ती हसेल, निदान चिडवेल तरी. ती म्हणाली, "मुलगी मोठी झाली म्हणून मधोमध उभी करतात आणि अठरा पुरुष येऊन वाकतात? मी वयात आले तेव्हा आईने मलापण एक यादी दिली होती. कशाकशाला हात लावायचा नाही त्याची." मग भांडी लावता लावता म्हणाली, "जा तू. आणि नीट नाच."

दुसऱ्याच आठवड्यात तिलाही कागद आला. मेणबत्ती नंबर चौदा. उपदेश चाळीस शब्दांच्या आत लिहून तपासायला पाठवणे. मंजिरीने आपल्याकडच्या तीन चांगल्या गोष्टी लिहिल्या: वेळेवर घरी ये, मोठ्यांचा मान राख, स्वयंपाक शीक. तीन दिवसांनी कागद परत आला. आमच्याकडे ड्रॉइंग परत येतं तेव्हा त्यावर आकडा असतो. एक म्हणजे मंजूर, तीन म्हणजे दुरुस्त करून पुन्हा पाठवा. मंजिरीच्या उपदेशावर तीन होता आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मॅडम, धिस इज फॉर मदर-इन-लॉ. माय डॉटर इज नॉट मॅरीइंग एनीबडी.' मंजिरी दोन दिवस धुमसत होती. तिचं लिहिलेलं माझ्याशिवाय कुणी तपासलेलं नव्हतं, आणि मी तर वाचतही नाही.

सराव दर शनिवारी सकाळी, हौगांगमध्ये बाईंच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत. तिथे दगडी टेबलांवर चिनी आजोबा बुद्धिबळ खेळत बसलेले असत. त्यांच्यासमोर आम्ही पाच मराठी इंजिनिअर, एका हाताने हवेतली बाई धरून, वन-टू-थ्री करत गोल फिरायचो. बाई हातात फाइल घेऊन हजेरी घ्यायच्या. "सर, तुम्ही नाचत नाही, तुम्ही कपाट सरकवताय." हे मला. जाधवला त्या म्हणाल्या, "सर, स्माइल. तुम्हाला कुणी अटक केलेली नाही." कुलकर्ण्याचे पाय तीनच्या तालात पडेनात, कारण तो मनातल्या मनात गणपतीची मिरवणूक काढत होता. तिसऱ्या शनिवारी एका आजोबांनी डाव अर्धा सोडला, येऊन कुलकर्ण्याचे खांदे धरले आणि त्याला दोनदा फिरवून दाखवलं. त्याला जमलं तेव्हा सगळ्या टेबलांवरून टाळ्या पडल्या. त्यानंतर संस्कृतीचा प्रश्न त्याने काढला नाही.

बियांका एकदाच खाली आली, हातात बबल टीचा पेला घेऊन. आईसारखीच बुटकी, पण आवाज खालच्या पट्टीतला. आईचं लक्ष नाही असं बघून ती माझ्याजवळ आली. "अंकल, सॉरी हां. मला हे काहीच नको होतं. फ्रेंड्सबरोबर चिकन राइस खाल्ला असता, बस झालं, कॅन ऑलरेडी. धिस वन इज फॉर पपा, यू नो? तो येईल म्हणून. पण तो यायचाच नाही. ही वोन्ट कम वन, लाह." एवढं बोलून तिने स्ट्रॉने तळाचे साबुदाणे ओढले. मला त्या क्षणी बाईंचा राग आला. मुलीचा वाढदिवस आणि नवऱ्याची परीक्षा, असे दोन कार्यक्रम ही बाई एकाच हॉलच्या भाड्यात उरकते आहे, असं मला वाटलं.

ते मी पुढच्या सोमवारी बसमध्ये त्यांना जवळजवळ बोलूनही दाखवलं. त्या नेहमी ड्रायव्हरमागच्या पहिल्या सीटवर बसायच्या. शेजारी बसून म्हटलं, बाई, अठरावा गुलाब रद्द करा ना. सतराच ठेवा. नाही तर दुसरं नाव घाला.

"सर, एकदा दिलेला नंबर पुसत नाहीत. माणूस मेला तर मी तिथे व्हॉइड लिहीन. तो मेलेला नाही. तो दोहाला आहे."

मग चेकपोस्टवर बस थांबली, सगळ्यांचे पास दाखवून झाले आणि त्या आपणहून बोलल्या. त्यांच्या स्वतःच्या देब्यूला अठरावा गुलाब त्यांच्या वडलांचा होता. एक खांदा निकामी झालेला, त्यामुळे ते एकाच हाताने नाचले. बाईंना बाकीचे सतरा आठवत नव्हते. "मला सतरा आठवत नाहीत, सर," त्या खिडकीबाहेरच्या टाक्यांकडे बघत म्हणाल्या, "तिला अठरावा आठवला नाही तर काय?" खरं सांगायचं तर मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट याचं वाटलं की मी ही बाई चार वाजताच्या पलीकडे कधी पाहिलीच नव्हती.

आता पटवर्धनसाहेब. हे आमचे इंजिनिअरिंग मॅनेजर, बाईंचे आणि माझे दोघांचेही बॉस, आणि इथल्या मराठी मंडळींच्या प्रत्येक कार्यक्रमाचे कायमचे अध्यक्ष. सत्यनारायण असो, हळदीकुंकू असो, साहेब चार शब्द बोलतात आणि ते चार शब्द पाऊण तास चालतात. त्यांच्या मुलाची मुंज कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये झाली तेव्हा बटूच्या भिक्षावळीला फोटो काढायचं वेगळं दालन होतं. तेच साहेब लिफ्टमध्ये मला म्हणाले, "या लोकांना काय रे, नाटकं फार." बाईंनी त्यांना निमंत्रण दिलं होतं, गुलाबात घेतलं नव्हतं. त्याचं कारणही बाईंकडे होतं: "बॉस इज नॉट फॅमिली, सर. बॉसची सही फक्त प्रोजेक्ट संपेपर्यंत चालते."

पण साहेबांनी माझ्या टेबलावर ती यादी पाहिली. सतरा नावं, आणि अठरावी जागा राखीव. ते थोडं हसले, मान हलवली आणि म्हणाले, "बाईला पद्धत माहीत आहे." मला वाटलं शिक्क्याचं कौतुक करतायत. जन्मभर ज्या माणसाने अध्यक्षांना शेवटी बोलताना पाहिलं आणि अध्यक्ष कायम आपणच असताना पाहिलं, त्याच्या मनात त्या रिकाम्या जागेचा अर्थ काय लागला असेल, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

कार्यक्रम रविवारी दुपारी दोन ते सहा. हॉल भाड्याचा, पडदे पीच रंगाचे, आमचे टायही त्याच रंगाचे. आम्ही पाच जण एकाच लॉटमधले हापूस दिसत होतो. एका टेबलावर अठरा गुलाब ओळीने मांडलेले. बियांका झगा घालून आली तेव्हा मला तो बबल टीवाला चेहरा ओळखूच आला नाही. आईच्या हट्टाला तोंड वाकडं करणारी ती पोर मान ताठ करून मधोमध उभी राहिली आणि पहिल्या चुलतमामाचा गुलाब तिने दोन्ही हातांनी घेतला. मग एकामागून एक नंबर पुकारले गेले. मी कपाट सरकवलं. जाधवने अटकेतल्या माणसासारखा चेहरा करून का होईना, पण हसून दाखवलं. कुलकर्णी तीनच्या तालात नाचला आणि परत येऊन एवढंच म्हणाला, "तिने मला थँक्यू अंकल म्हटलं रे." आणि नाक पुसलं.

एर्लिंडाबाई दाराशी उभ्या होत्या, हातात फाइल. प्रत्येक नंबर झाला की टिक करायच्या आणि दाराकडे बघायच्या. सतरावा झाला. माइकवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी घड्याळ पाहिलं, दार पाहिलं. दाराबाहेर कुणीच नव्हतं. त्यांनी मान हलवली, वाजव म्हणून. "द एटीन्थ रोझ," असं त्याने पुकारलं आणि गाणं सुरू झालं. मधोमध बियांका एकटी. कुणीच जागचं हललं नाही. हॉलमधल्या प्रत्येक फिलिपिनो माणसाने ताटलीत बघायला सुरुवात केली.

आणि पटवर्धनसाहेब उठले.

बंद गळ्याचा कोट, चेहऱ्यावर अध्यक्षांचं मंद हसू. त्यांनी टेबलावरचा उरलेला गुलाब उचलला, डाव्या हाताने खिशातून चार घड्या घातलेलं भाषण काढलं आणि माइककडे निघाले. मंजिरीने माझा दंड एवढा घट्ट धरला की वळ उठले. बाई दारापासून तरातरा निघाल्या. गळ्यातला क्रूस आणि चष्मा एकमेकांवर आपटत होते. सगळ्यांना कळलं की इतक्या वर्षांत आम्हा सगळ्यांचं झालं नाही असं काहीतरी आता साहेबांचं होणार. बाई त्यांच्यासमोर जाऊन थांबल्या. खाली मान घालून गुलाबाकडे बघितलं, मग वर साहेबांच्या तोंडाकडे. तिथे इतका निर्मळ, इतका ठार गैरसमज होता की त्याला परत पाठवायला आकडाच नसावा. त्यांनी हात पुढे करून साहेबांच्या हातातलं भाषण तेवढं काढून घेतलं.

"सर. नो स्पीच. जस्ट डान्स."

साहेबांना नाचता येत नव्हतं. सरावाला ते आलेच नव्हते, अध्यक्षांना सराव लागत नाही. बियांकाचे दोन्ही हात धरून ते आरतीला उभं राहिल्यासारखे जागच्या जागी डुलले, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर. बियांका आधी गोंधळली, मग हसायला लागली, मग हसता हसता रडायला लागली. साहेबांनी खिशातला रुमाल काढून दिला आणि म्हणाले, "इट्स ओके, बेटा, इट्स ओके." मी त्या माणसाची इतकी वर्षं टिंगल केली आहे आणि पुढेही करणार आहे, पण त्या तीन मिनिटांपुरती माफी. बाईंनी फाइलमध्ये अठराव्या ओळीवर पेन टेकवलं, थोडा वेळ तसंच ठेवलं आणि टिक केली.

मग मेणबत्त्या झाल्या. मंजिरीने मंजूर झालेला उपदेश वाचला: "गाडी चालवायला शीक. कुणी न्यायला येईल म्हणून थांबू नकोस." हे तिने मला आधी दाखवलं नव्हतं. आमची गाडी फक्त मी चालवतो.

पुढे वर्षभरात प्रोजेक्ट संपला आणि बाई कॅनडाला बहिणीकडे गेल्या. निरोपाच्या दिवशी मी नेमका रजेवर होतो. त्यामुळे एर्लिंडाबाई म्हटलं की मला दिसतो तो त्याच संध्याकाळचा हॉल. पावणेसहा वाजले होते, पाहुणे गेले होते, साहेब कृतकृत्य होऊन गेले होते. मी आणि मंजिरी थांबलो होतो, कारण यादीच्या मागच्या पानावर 'खुर्च्या' या मथळ्याखाली माझं नाव होतं. दहा-दहाची चवड, डाव्या भिंतीला, असं बाईंनी तीनदा बजावलं होतं.

दार उघडलं आणि चाकांची बॅग ओढत एक माणूस आत आला. कपाळ हुबेहूब बियांकाचं. हातात प्लास्टिकच्या नळकांड्यातला एक गुलाब.

"फ्लाइट डिले, लिंडा."

बाईंनी घड्याळाकडे बघितलं. मला त्यांचं पुढचं वाक्य पाठ होतं.

"एटीन इज डन, रोमेल."

"डन? कोण?"

"माय बॉस."

तो गुलाबाकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "वन साँग, लिंडा. एकच."

बाईंनी तोंड उघडलं. गेली कित्येक वर्षं ज्या बाईने कुणालाही एक मिनिट दिलं नाही, ती आता काय बोलेल याची मी वाट बघत होतो. त्यांनी तोंड पुन्हा मिटलं. "डोंट आस्क मी," त्या म्हणाल्या. "शी इज एटीन." आणि खरोखर दोन पावलं बाजूला झाल्या. बाप आणि लेक यांच्यामध्ये आता नुसती फरशी होती.

बियांकाने झगा काढून टी-शर्ट घातला होता, पायात सपाता, केसांत मात्र अजून सगळ्या पिना. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत होती. वायरी गुंडाळणारा माइकवाला थांबला. मंजिरी हातात खुर्ची धरून तशीच उभी राहिली.

"पपा," ती म्हणाली, "हॉल सहाला परत द्यायचाय. यू स्टॅक द चेअर्स फर्स्ट, लाह. मग बघू."

रोमेलने गुलाब बॅगेवर ठेवला, कोट काढला, बाह्या वर केल्या आणि खुर्च्या उचलायला लागला. उजव्या भिंतीला. एकावर एक बारा.

मी एर्लिंडाबाईंकडे बघितलं. त्या उरलेल्या एका खुर्चीवर बसल्या होत्या, टाचांचे बूट काढून, मांडीवर गार नूडल्सची ताटली घेऊन. त्यांनी ती चवड पाहिली. ओठ हलले, बारापर्यंत मोजलं. मग काट्यावर नूडल्स गुंडाळल्या, तोंडात घातल्या आणि चावत राहिल्या.